ऑनलाइन कोऑर्डिनेशन मीटिंग आणि क्लॅश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्किटेक्ट, स्ट्रक्चर, एसी, प्लंबिंग, फायर आणि इलेक्ट्रिकल अशी वेगवेगळ्या टीमची इमारतीची थ्रीडी मॉडेल एकत्र आणून त्यांच्यातल्या टकरी, म्हणजे क्लॅश, सोडवणाऱ्यांसाठी हे पान आहे. मॉडेल कसं काढायचं हे इथे सापडणार नाही. निरनिराळ्या ठिकाणी बसलेली आठ-दहा माणसं एकाच स्क्रीनकडे बघत निर्णयापर्यंत कशी पोचतात, आणि बहुतेक वेळा का पोचत नाहीत, एवढ्यापुरतंच हे आहे.

क्लॅश म्हणजे नेमकं काय? सगळे क्लॅश सारखेच धरायचे का?

नाही. डक्ट (हवा नेणारी पत्र्याची नळी) बीममध्ये घुसला तर तो हार्ड क्लॅश, म्हणजे दोन वस्तू एकाच जागेवर हक्क सांगतायत. व्हॉल्व्हचं चाक फिरवायला हात जात नाही, फिल्टर बाहेर ओढायला जागा नाही, पॅनेलचं दार पूर्ण उघडत नाही, हे सगळे क्लिअरन्स क्लॅश. यात काहीच कशाला टेकलेलं नसतं, म्हणून ते नजरेतून सुटतात आणि पुढे देखभाल करणाऱ्याच्या डोक्यावर बसतात. तिसरा प्रकार कामाच्या क्रमाचा. चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) आत न्यायच्या आधीच त्याच्या वाटेतली भिंत बांधून होते, तो हा. तो वेळापत्रक मॉडेलला जोडल्याशिवाय दिसत नाही.

चौथा प्रकार पुस्तकात सहसा नसतो, पण वेळ सर्वांत जास्त तोच खातो. एकच वस्तू दोन मॉडेलमध्ये काढलेली असणे. कॉलम आर्किटेक्टनेही काढला आणि स्ट्रक्चरनेही, किंवा वॉशबेसिन प्लंबिंगच्या मॉडेलमध्येही आलं. अशी दुहेरी वस्तू सापडली की ती कोणाची हे ठरवायचं आणि दुसऱ्याने ती काढून टाकायची किंवा क्लॅश टेस्टमधून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या टकरी शोधण्याच्या तपासणीतून, वगळायची. हे मीटिंगमध्ये आणू नका, एका मेसेजमध्ये संपतं.

मीटिंगला कोण हवं?

प्रत्येक मॉडेलमागे एक माणूस, आणि तो असा हवा की ज्याला आपल्या लाइन हलवायचा अधिकार आहे. ‘सरांना विचारून सांगतो’ म्हणणारा मॉडेलर कितीही हुशार असला तरी त्याच्या भरवशावर निर्णय होत नाही. बदलाला हो म्हणणारा आणि तो बदल प्रत्यक्ष काढणारा असे दोघेही असले तर उत्तम.

स्ट्रक्चरल इंजिनिअरला दर वेळी पूर्ण दीड तास अडकवायची गरज नाही. बीम, स्लॅब आणि शिअर वॉलचे (आडवा जोर पेलणाऱ्या भिंतीचे) मुद्दे सलग लावा आणि त्यांना तेवढ्या अर्ध्या तासाला बोलवा. ऑनलाइन मीटिंगचा हा खरा फायदा आहे, माणूस तीस मिनिटांपुरता येऊन जाऊ शकतो. पण त्यासाठी अजेंड्यावर वेळ लिहावी लागते आणि ती पाळावी लागते.

चालवणारे दोन हवेत. एक मॉडेल फिरवतो आणि दुसरा नोंदी लिहितो. दोन्ही कामं एकाच माणसाकडे दिली की नोंद अर्धवट राहते किंवा सगळे जण त्याचं टायपिंग बघत बसतात.

किती दिवसांनी आणि किती वेळ?

डिझाइनचं काम जोरात असताना आठवड्यातून एकदा. त्याहून लवकर घेतली तर मॉडेलमध्ये बदल करायला कोणालाच वेळ मिळत नाही आणि मागचेच क्लॅश पुन्हा बघावे लागतात. वेळ साठ ते नव्वद मिनिटं. नव्वदीच्या पुढे स्क्रीनकडे बघणाऱ्यांचं लक्ष राहत नाही आणि लोक ‘चालेल, चालेल’ म्हणत कशालाही होकार देतात. ते होकार पुढच्या आठवड्यात मागे घेतले जातात.

नव्वद मिनिटांत पहिली दहा मागच्या निर्णयांना आणि शेवटची दहा आजचे निर्णय वाचून दाखवायला दिली, तर सत्तर उरतात. एका मुद्द्याला तीन-चार मिनिटं धरली तर अठरा ते तेवीस मुद्दे होतात. यादी तेवढीच करा.

मीटिंगच्या आधी काय काय झालेलं असावं?

खरं काम इथे आहे. क्रम साधारण असा असतो:

१. मीटिंगच्या ४८ तास आधी सगळ्यांनी आपापली मॉडेल ठरलेल्या सामायिक फोल्डरमध्ये टाकायची. त्यानंतर आलेलं मॉडेल पुढच्या फेरीत. यात एकदा सूट दिली की मुदत कायमची संपली समजा.

२. समन्वयकाने मॉडेल एकत्र करून ती जागेवर बसतात का, मजले जुळतात का, काही गायब तर नाही ना हे पाहायचं. मागच्या आठवड्यात बाराशे पाइप होते आणि आज चारशेच आहेत, तर कोणीतरी एक्स्पोर्ट करताना चुकीचा व्ह्यू घेतलाय.

३. क्लॅश टेस्ट चालवून निकाल गाळायचे, गट करायचे, आणि प्रत्येक मुद्द्याचा व्ह्यू जतन करून ठेवायचा. मीटिंगमध्ये जागा शोधत फिरणं हा सगळ्यांच्या वेळेचा अपमान आहे.

४. २४ तास आधी यादी सगळ्यांना पाठवायची. त्यात मुद्द्याचा क्रमांक, मजला, ग्रिड (कॉलमच्या रेषांवरून सांगितलेली जागा), दोन वस्तू, चित्र आणि सुचवलेला तोडगा.

५. ज्यांना तोडगा मान्य आहे त्यांनी मीटिंगआधीच ‘मान्य’ लिहायचं. ते मुद्दे चर्चेला घ्यायचेच नाहीत. यादीचा बराच भाग इथेच गळतो, आणि गळायलाच हवा.

सुचवलेला तोडगा लिहायला समन्वयक कचरतात, कारण डिझाइन त्यांचं नसतं. तरी लिहा. ‘डक्ट १५० मिमी खाली?’ असं चुकीचं का होईना पण समोर असलं की लोक लगेच सुधारणा सुचवतात. ‘काय करूया?’ विचारलं की शांतता पसरते.

मॉडेल एकमेकांवर बसत नाहीत. एक इमारत इकडे, दुसरी कुठल्या कुठे.

कारणं तीन-चारच असतात. पहिलं एककाचं. मिलिमीटरमधलं मॉडेल मीटर समजून घेतलं गेलं तर ते हजारपट मोठं दिसतं, हे ओळखणं सोपं. दुसरं मूळबिंदूचं, म्हणजे मोजमाप जिथून सुरू होतं त्या शून्याचं. एकाने प्रोजेक्ट बेस पॉइंटवरून, दुसऱ्याने अंतर्गत मूळबिंदूवरून एक्स्पोर्ट केलं. तिसरं उत्तर दिशेचं. कोणी खरी उत्तर धरली, कोणी कागदावर सरळ दिसावी म्हणून प्रोजेक्टची उत्तर धरली, मग एक मॉडेल काही अंशांत तिरकं दिसतं. चौथं उंचीचं. एकाचा शून्य तळमजल्याच्या तयार फरशीवर, दुसऱ्याचा स्लॅबच्या माथ्यावर. हा फरक पन्नास-साठ मिमीचाच असतो, डोळ्याला दिसत नाही, आणि सीलिंगमधले सगळे क्लॅश खोटे ठरवतो. चारांपैकी सर्वांत घातक हाच.

उपाय म्हणजे पहिल्याच आठवड्यात, एकही पाइप काढायच्या आधी, प्रत्येकाने फक्त ग्रिड, लेव्हल आणि ठरलेल्या ग्रिड छेदावर एक छोटा ठोकळा असलेलं रिकामं मॉडेल द्यायचं. सगळे ठोकळे एकावर एक बसले तरच पुढे जायचं. रेव्हिट या मॉडेल काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हेचे लांबलचक आकडे अंतर्गत मूळबिंदूला लावू नका. भूमिती त्या बिंदूपासून १६ किलोमीटरच्या आत असणं अपेक्षित आहे, पलीकडे गेल्यास अचूकता बिघडते. जागेचे खरे निर्देशांक शेअर्ड कोऑर्डिनेट्समध्ये (सगळ्या मॉडेलना सामायिक निर्देशांकांत) ठेवायचे.

मॉडेल किती तपशिलाचं हवं?

कोऑर्डिनेशनसाठी साधारणपणे एलओडी (मॉडेलमधल्या तपशिलाची पातळी) ३५० मागतात, म्हणजे वस्तू खऱ्या आकाराची आणि आजूबाजूच्या वस्तूंशी ती कशी जोडली जाते तेही दाखवणारी. एलओडी ३०० ला डक्टचा आकार आणि जागा कळते, पण हँगर, आधाराचे अँगल वगैरे येत नाहीत.

आकड्यापेक्षा यादी महत्त्वाची. इन्सुलेशन काढलंय का? डक्टच्या फ्लँज? केबल ट्रेवरची केबल ओढायची जागा? व्हॉल्व्हपुढची, पॅनेलपुढची मोकळी जागा ठोकळा म्हणून काढली आहे का? ड्रेनेजला खरा उतार दिलाय की लाइन सपाट आहे? १:१०० उताराने बारा मीटर गेलेली लाइन शेवटी १२० मिमी खाली आलेली असते. सपाट काढलेली लाइन मॉडेलमध्ये छान बसते, साइटवर बीमला धडकते.

टॉलरन्स किती ठेवायचा?

टॉलरन्स म्हणजे किती घुसखोरी दुर्लक्षित करायची. मोठे डक्ट आणि स्ट्रक्चर यांत २५ मिमी, पाइप विरुद्ध पाइप १० मिमी, अशी सुरुवात करून बघा. पहिल्या फेऱ्यांत तो सैल ठेवा म्हणजे मोठे प्रश्न वर येतील. शेवटच्या फेऱ्यांत आवळत न्या. सगळीकडे शून्य लावलं तर नुसते स्पर्शही क्लॅश म्हणून येतात आणि यादी कोणी उघडत नाही.

पहिल्याच टेस्टमध्ये हजारो क्लॅश आले. आता?

घाबरू नका आणि हा आकडा कोणाला पाठवूही नका. सहा मॉडेलच्या पंधरा जोड्या होतात, त्या सगळ्या एकदम चालवल्या तर असंच होणार. स्ट्रक्चर विरुद्ध आर्किटेक्चर आधी. मग स्ट्रक्चर विरुद्ध मोठे डक्ट, स्ट्रक्चर विरुद्ध ड्रेनेज. त्यानंतर डक्ट विरुद्ध ट्रे आणि पाइप. स्प्रिंकलरच्या छोट्या लाइन आणि कंड्युइट (वायर नेणारे पाइप) सर्वांत शेवटी. मोठ्या वस्तू हलल्या की छोट्यांचे निम्मे क्लॅश आपोआप नाहीसे होतात किंवा नवीन होतात, म्हणून ते आधी सोडवणं फुकट.

मग खोटे क्लॅश काढायचे. स्प्रिंकलरचं हेड सीलिंगच्या टाइलमधून बाहेर येणारच. पाइप स्वतःच्या फिटिंगमध्ये शिरणारच. सॉकेटचा बॉक्स भिंतीत असणारच. यांसाठी नियम किंवा सर्च सेट (ठरलेल्या अटींनी वस्तू निवडणारा गट) लावून ठेवा, दर आठवड्याला हाताने पुसत बसू नका.

उरलेल्यांचे गट करा. एक पाइप एकाच उंचीवरून चौदा बीम भेदत गेला तर ते चौदा क्लॅश नाहीत, एक मुद्दा आहे. पाइपची उंची चुकली. हजारांवरून चाळीस-पन्नास मुद्द्यांवर येणं ही समन्वयकाची खरी कारागिरी. सॉफ्टवेअर ती करून देत नाही.

टेस्टमध्ये क्लॅश सुटू शकतो का?

हो. नेव्हिसवर्क्स या मॉडेल एकत्र करून क्लॅश शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हार्ड टेस्ट पृष्ठभागांचे त्रिकोण एकमेकांना छेदतात का ते पाहते. दोन समांतर पाइप सगळ्या लांबीभर थोडेसे एकमेकांत शिरलेले असतील, तर त्रिकोणांची एकही जोडी पुरेशी छेदत नाही आणि क्लॅश निसटू शकतो. तिथेच ‘हार्ड कन्झर्व्हेटिव्ह’ हा पर्याय आहे. तो जास्त खोटे क्लॅश देतो पण सुटू देत नाही. महत्त्वाच्या शाफ्टसाठी (पाइप-डक्टच्या उभ्या वाटांसाठी) आणि प्लांट रूमसाठी तो एकदा चालवून बघण्यासारखा आहे.

शिवाय जे काढलेलंच नाही त्याचा क्लॅश येत नाही. विजेच्या पॅनेलच्या वरून पाण्याची लाइन गेली तर कशाचीही टक्कर नाही, पण ती चालणार नाही. म्हणून प्रत्येक झोनमध्ये टेस्टशिवाय डोळ्यांनीही एक फेरी मारायची. शिडीवर चढलेला माणूस जिथे डोकं घालेल तिथे कॅमेरा न्या.

मीटिंग प्रत्यक्षात चालवायची कशी?

झोननुसार, टीमनुसार नाही. तिसरा मजला, पूर्वेचा कॉरिडॉर असं घेतलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच जागा राहते. टीमनुसार घेतलं तर मॉडेल वर-खाली उड्या मारत राहतं आणि बाकीचे आपली पाळी येईपर्यंत ईमेल बघतात.

प्रत्येक मुद्द्याला आधी प्लॅनमध्ये जागा दाखवा, मग सेक्शन, मग थ्रीडी. थेट थ्रीडीत झूम केलं की आपण इमारतीत कुठे आहोत हे निम्म्या लोकांना कळत नाही, आणि विचारायचा संकोच असतो. टीमचे रंग पहिल्या दिवशी ठरवा आणि पुढे बदलू नका.

मग मोजमाप. ‘थोडं खाली घ्या’ हा निर्णय नव्हे. ‘डक्टचा तळ २७२५ वरून २६५०, ग्रिड सी-४ ते सी-६ दरम्यान’ हा निर्णय. सेक्शनवर मोजून आकडा तिथल्या तिथे बोलायचा आणि लिहायचा.

पाच मिनिटांत सुटलं नाही तर थांबा. ज्या दोघा-तिघांचा प्रश्न आहे त्यांची वेगळी वीस मिनिटांची मीटिंग त्याच दिवशी ठरवा. दहा माणसांनी दोघांचं भांडण ऐकणं ही सर्वांत महागडी सवय आहे.

स्क्रीन शेअर करताना मॉडेल अडकतं, लोकांना पुसट दिसतं.

व्हिडिओ कॉलची प्रणाली हलणारं चित्र आकुंचित करते. मॉडेल गोल गोल फिरवलं की प्रत्येक फ्रेम पूर्ण बदलते आणि समोरच्याला चौकोनी ठिपके दिसतात. फिरवणं कमी करा. जतन केलेल्या व्ह्यूवर उडी मारा, दोन सेकंद थांबा, मग बोला. पूर्ण स्क्रीनऐवजी फक्त मॉडेलची खिडकी शेअर करा. खूप मोठ्या रेझोल्यूशनचा मॉनिटर असेल तर खिडकी लहान करा, नाहीतर लॅपटॉपवर बघणाऱ्याला अक्षरं मुंगीएवढी दिसतात.

आणि नेव्हिसवर्क्सची एनडब्ल्यूएफ फाइल उघडून दाखवू नका, एनडब्ल्यूडी दाखवा. एनडब्ल्यूएफ मूळ फायलींकडे फक्त बोट दाखवते, नेटवर्कवरची एखादी फाइल मध्येच बदलली किंवा हलली तर मीटिंगमध्ये फजिती होते. एनडब्ल्यूडी म्हणजे त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र. ती तारखेसह जपूनही ठेवा, ‘त्या दिवशी तिथे बीम नव्हता’ या वादाला तेच उत्तर.

टक्कर झाली तर हलायचं कोणी?

सर्वसाधारण क्रम असा. स्ट्रक्चर जवळजवळ कधीच नाही. त्यानंतर उताराने वाहणारे ड्रेनेज आणि पावसाच्या पाण्याचे पाइप, कारण त्यांना वर चढता येत नाही. मग मोठे डक्ट. मग मोठे केबल ट्रे आणि बसडक्ट (वीज नेणाऱ्या पट्ट्यांचं बंद खोकं), त्यांना वळायला ठराविक त्रिज्या लागते. मग चिल्ड वॉटर आणि फायरच्या मुख्य लाइन, त्या वर-खाली घेता येतात. शेवटी दाबाच्या पाण्याच्या छोट्या लाइन, कंड्युइट आणि लवचिक डक्ट.

हा क्रम नियम नाही, सुरुवात आहे. डक्ट मोठा म्हणून तो हलणार नाही, आणि त्यासाठी ट्रेला सहा वळणं घ्यायला लावायची, हा शहाणपणा नव्हे. खरा प्रश्न असा विचारा की कोणी हलल्याने एकूण कमी फिटिंग लागतील आणि नवीन क्लॅश होणार नाही. दाबाच्या पाइपला वर उडी मारून खाली आणताना सर्वांत उंच जागी हवा साठते, तिथे एअर व्हेंट लागतो आणि त्या व्हेंटपर्यंत हातही पोचावा लागतो. ‘पाइपचं काय, तो कुठेही वळतो’ म्हणणारे हे विसरतात.

सीलिंगमध्ये जागाच पुरत नाही. उदाहरण देऊन सांगाल का?

मजल्याची उंची ३६०० मिमी. फरशीचा थर ५० आणि बीमची एकूण खोली ६०० वजा केली की तयार फरशीपासून बीमच्या तळापर्यंत २९५० उरतात. सीलिंग २६०० ला हवंय, म्हणजे मध्ये ३५०. सीलिंगची फ्रेम आणि बोर्ड ६० खातात. राहिले २९०.

आता ६००×३०० चा डक्ट, चारी बाजूंनी २५ मिमी इन्सुलेशन. उंची ३५०. बसत नाही, आणि अजून आधाराचा अँगल धरलेलाच नाही.

पहिला विचार चपटा करण्याचा. ९००×२०० केलं तर क्षेत्रफळ तेवढंच, म्हणून वाऱ्याचा वेगही तोच. इन्सुलेशनसह उंची २५०, अँगलला ४० उरतात. बसला! पण रुंदी उंचीच्या साडेचारपट झाली. चारपटीच्या पुढे शक्यतो जाऊ नये असा संकेत आहे. प्रति मीटर घर्षण साधारण सव्वापट होतं, आणि पत्र्याचा घेर १.८ मीटरवरून २.२ मीटर होतो, म्हणजे पत्रा आणि इन्सुलेशन दोन्ही वाढलं. एसीवाल्याला पंख्याचा दाब पुन्हा तपासावा लागेल. ८००×२२५ केलं तर प्रमाण साडेतीनच्या जवळ राहतं, पण उंची २७५ होऊन आधाराला फक्त १५ मिमी उरतात. अँगल त्यात बसणार नाही, पट्टीचे हँगर कदाचित बसतील, आणि सीलिंगवाल्याच्या चुकीला जागा शून्य.

तिसरा मार्ग डक्ट बीमखालून न नेता बीमला समांतर, दोन बीमच्या मधल्या पोकळीत वर घ्यायचा आणि बीम एकदाच ओलांडायचा. चौथा, त्या पट्ट्यापुरतं सीलिंग २५०० ला आणायचं. हा निर्णय आर्किटेक्टचा, आणि तो सहसा फक्त कॉरिडॉरमध्ये मिळतो. मीटिंगमध्ये हे चारही पर्याय असे आकड्यांनिशी मांडले तर निर्णय पाच मिनिटांत होतो. ‘जागा नाही’ एवढंच म्हटलं तर तीन आठवडे होत नाही.

बीममध्ये भोक पाडून पाइप नेता येईल का?

स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी हो म्हटलं तरच. विचारायला जाताना मात्र शहाण्यासारखं जा. आधाराजवळ कातरबल जास्त असतं, तिथलं भोक सहसा नाकारलं जातं. खोलीच्या मध्यावर, आधारापासून दूर, लहान आणि गोल भोक मिळण्याची शक्यता जास्त. भोकांमध्ये अंतर ठेवा, चार पाइप एका रांगेत चिकटून मागू नका. पोस्ट-टेन्शन स्लॅबमध्ये तर आतल्या ताणलेल्या पोलादी केबलची जागा बघितल्याशिवाय विषयच काढू नका. स्लीव्हचा (भोकात बसवायच्या नळीचा) व्यास पाइप, इन्सुलेशन आणि भोवतीची मोकळी जागा धरून मागायचा. अग्निरोधक भिंतीत असेल तर पाइपभोवतीची फट आगरोधक मालाने बंद करण्याचा तपशीलही त्याच मुद्द्यात लिहायचा.

आणि हे कॉंक्रीट पडायच्या आधी. नंतर कोअर कटिंगला सळ्या तुटतात.

काही जण बोलतच नाहीत. मीटिंगनंतर मात्र हरकत घेतात.

नाव घेऊन विचारा. ‘कोणाला काही अडचण?’ या प्रश्नाला ऑनलाइन उत्तर येत नाही. ‘इलेक्ट्रिकल, हा ट्रे ७५ ने वर गेला तर केबल ओढायला जागा राहते का?’ याला येतं. निर्णय झाला की ज्याला काम करायचंय त्याच्याच तोंडून तो परत म्हणवून घ्या. आवाज नीट येत नसेल तर चॅटमध्ये लिहायला सांगा. अनेक ज्युनिअर मॉडेलर वरिष्ठांसमोर बोलत नाहीत, पण चॅटमध्ये अचूक चूक दाखवतात.

निर्णयांची नोंद कशी ठेवायची? एक्सेल चालेल?

छोट्या कामात चालेल. रकाने ठरलेले ठेवा. क्रमांक, मजला आणि ग्रिड, निर्णय, जबाबदार एक व्यक्ती, तारीख, स्थिती. जबाबदारीच्या रकान्यात दोन नावं आली की काम होत नाही. ‘एसी/प्लंबिंग’ असं लिहिलेला मुद्दा पुढच्या आठवड्यात जसाच्या तसा सापडतो.

मोठ्या कामात बीसीएफ (मुद्दे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणारा फाइल प्रकार) वापरा. बीसीएफच्या फायलीत मॉडेल नसतं. त्यात कॅमेऱ्याची जागा, संबंधित वस्तूंचे ओळख क्रमांक, चित्र आणि टिपणं असतात. त्यामुळे सोलिब्री या मॉडेल तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला मुद्दा रेव्हिटवाल्याला त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये, नेमक्या त्याच कोनातून उघडता येतो. मॉडेलची देवाणघेवाण आयएफसी या खुल्या फाइल प्रकारात होत असेल तर दोन्ही एकमेकांना पूरक पडतात.

सुटलेला क्लॅश पुढच्या आठवड्यात ‘नवीन’ म्हणून परत का येतो?

बहुधा मॉडेलरने पाइप हलवण्याऐवजी पुसून पुन्हा काढला. वस्तूचा ओळख क्रमांक बदलला. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने जुना क्लॅश सुटला आणि नवा जन्माला आला, त्याच्यावरची सगळी टिपणं गेली. म्हणून शक्यतो आहे ती वस्तूच हलवा. आणि मुद्द्याची नोंद क्लॅशच्या आपोआप मिळणाऱ्या नावावर न ठेवता स्वतःच्या क्रमांकावर ठेवा.

दुसरं कारण साधं असतं. जुनंच मॉडेल अपलोड झालंय.

‘अप्रूव्ह्ड’ म्हणजे सुटला का?

नाही, आणि यावरून मोठे घोळ होतात. नेव्हिसवर्क्समध्ये ‘रिझॉल्व्ह्ड’ म्हणजे टेस्ट पुन्हा चालवल्यावर तो क्लॅश सापडला नाही. ‘अप्रूव्ह्ड’ म्हणजे क्लॅश अजून आहे, पण तो तसाच चालेल असं कोणीतरी ठरवलं. कोणी आणि का ठरवलं हे लिहिल्याशिवाय कोणालाही ‘अप्रूव्ह्ड’ लावू देऊ नका. आकडे कमी दाखवण्याचा तो सर्वांत सोपा चोरमार्ग आहे.

मीटिंगमध्ये ठरलं म्हणजे मंजुरी मिळाली का?

नाही. मीटिंग मार्ग ठरवते. डिझाइन बदलाची जबाबदारी ज्याची त्याच्याकडेच राहते, आणि करारावर किंवा खर्चावर परिणाम असेल तर आरएफआय (माहिती मागणारं रीतसर पत्र) किंवा बदलाची रीतसर सूचना लागते. मीटिंगच्या नोंदीत आरएफआयचा क्रमांक लिहिला की दोन्ही धागे जुळलेले राहतात. आयएसओ १९६५० (बांधकामाची माहिती हाताळण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या पद्धतीने काम चालत असेल तर चालू काम, सामायिक, प्रकाशित आणि संग्रह या चार अवस्था वेगळ्या ठेवा. समन्वयासाठी सामायिक केलेलं मॉडेल बांधकामासाठी नसतं. साइटवर कोणीतरी ते उघडून मोजमाप घेतोच, म्हणून फायलीच्या नावातच अवस्था दिसू द्या.

रेकॉर्डिंग करावं का?

सगळ्यांना सांगून, संमतीने करा. पण ते नोंदींना पर्याय नाही. दीड तासाचं रेकॉर्डिंग कोणीही पुन्हा बघत नाही.

प्रगती मोजायची कशी?

एकूण क्लॅशच्या आकड्याने नाही. एक जिना अर्धा मीटर सरकला की आकडा एका रात्रीत चौपट होतो आणि टीमने काही चूक केलेली नसते. उघडे मुद्दे किती आठवडे पडून आहेत ते बघा. तीन मीटिंग उलटूनही उघडा असलेला मुद्दा मॉडेलरकडे अडकलेला नसतो, तो वरच्या कोणाच्या तरी निर्णयावर अडकलेला असतो. तो त्याच माणसाकडे न्या. पुन्हा उघडलेल्या मुद्द्यांची संख्याही बघा. ती वाढत असेल तर निर्णय घाईत होतायत किंवा नोंदी धड नाहीत.

झोन पूर्ण झाला असं कधी म्हणायचं?

मोठे सगळे क्लॅश सुटले, उरलेल्यांवर कारण आणि नाव लिहिलंय, डोळ्यांची फेरी झाली, आणि प्रत्येक टीमने त्या झोनवर सही केली की. सगळे शून्य होईपर्यंत थांबू नका. कंड्युइट आणि लवचिक पाइपचे क्लॅश साइटवरचा फिटर तुमच्याहून लवकर सोडवतो.

सहीनंतर त्या झोनची मॉडेल गोठवा. त्यातूनच स्लीव्हचे आणि शॉप ड्रॉइंग काढा. नंतर कोणाला बदल करायचा असेल तर करता येतो, पण आपण काय हलवतोय आणि कोणाकोणावर परिणाम होतो हे सांगूनच. सहीनंतर गुपचूप सरकवलेली लाइन शोधायला दोन एनडब्ल्यूडींची तुलना करावी लागते.

स्लॅब पडल्यावर मीटिंग बंद करायच्या का?

वारंवारता कमी करा, बंद नको. कॉंक्रीट मॉडेलबरहुकूम पडत नाही. बीम वीस-तीस मिमी खाली उतरतो, स्लीव्ह सरकते किंवा राहूनच जाते. वर हिशोब केलेल्या सीलिंगमध्ये ८००×२२५ च्या डक्टला १५ मिमीच शिल्लक होते हे आठवा. जिथे जागा तंग आहे त्या पट्ट्यांची लेझर स्कॅन किंवा निदान टोटल स्टेशनने (सर्व्हेच्या यंत्राने) मोजणी करून घ्या, पॉइंट क्लाउड (स्कॅनमधून मिळालेले बिंदू) त्याच एकत्रित मॉडेलमध्ये त्याच निर्देशांकांवर आणा, आणि डक्टचा पत्रा कापायला जाण्याआधी टेस्ट पुन्हा चालवा.